'हाकेतच खोट होती' असं कुणाला म्हणू नका

पाटबंधारे
काल स्नेहलताईंनी भाच्याच्या डेंग्यूबद्दल लिहिलं. प्लेटलेट्स १२ हजारांवर आल्या, घरातल्या सगळ्यांनी रोज अकरा वेळा रामरक्षा म्हटली आणि तिसऱ्या दिवशी काउंट वाढायला लागला. पोरगं वाचलं याचा मला खरंच आनंद आहे. पण शेवटी त्यांनी लिहिलंय की मनापासून हाक मारली तर देव धावतोच, आणि नाही धावला तर समजावं की हाकेतच कुठेतरी खोट होती. या एका वाक्यानं माझी रात्रीची झोप गेली, म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

माझा धाकटा भाऊ ३४ व्या वर्षी ब्लड कॅन्सरने गेला. अकरा महिने चाललं सगळं. आईने त्याच्या उशीखाली अंगाऱ्याची पुडी ठेवली होती, वहीच्या कागदाची, घड्या पडून पडून मऊ झालेली. वॉर्डातल्या सिस्टर रोज सकाळी चादर बदलायच्या तेव्हा ती पुडी उचलून टेबलावर ठेवायच्या आणि उशी नीट केली की परत जागेवर सरकवायच्या. एकदाही विसरल्या नाहीत, एकदाही काही बोलल्या नाहीत. आईने भात सोडला, मंगळवार धरले, चप्पल सोडली. भाऊ गेला. दहाव्याला एक नातेवाईक आईला म्हणाले, वहिनी, कुलदेवीचं काहीतरी राहिलं असणार.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. आई अजून एका मंगळवारचा विषय काढते. त्या संध्याकाळी ती रक्तपेढीत प्लेटलेट्सच्या पिशवीसाठी नंबर लावून बसली होती आणि घरी देवापुढचा दिवा राहिला. तिला वाटतं त्या दिव्यामुळे झालं. देव आहे की नाही यावर मला वाद घालायचा नाहीये, मी स्वतः गणपतीला हात जोडतो. पण ज्याचं माणूस गेलंय त्याला तुझी प्रार्थनाच कच्ची होती असं सांगायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

स्नेहल_नाशिक
दादा, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण मी ते तुमच्यासाठी लिहिलेलं नव्हतं, मला तुमची गोष्ट माहीतही नव्हती. मी माझा अनुभव लिहिला. रात्री दोन वाजता आयसीयूच्या बाहेर लोखंडी बाकावर बसून माझी बहीण थरथरत होती, डॉक्टर म्हणाले चोवीस तास बघू, त्यापुढे आमच्या हातात दुसरं काय होतं? आम्ही म्हणायला लागलो तशी ती शांत झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काउंट १९ हजारांवर होता. हे मी डोळ्यांनी बघितलंय. आता ज्यांना अनुभव आला नाही त्यांना वाईट वाटेल म्हणून आम्ही आमचा अनुभव गिळायचा का?

प्रमेय
डेंग्यूत ताप उतरायच्या सुमाराला काउंट सगळ्यात खाली जातो आणि मग दोन-तीन दिवसांत बहुतेकांचा आपोआप वर यायला लागतो. रामरक्षा म्हणा नाहीतर पाढे म्हणा. ज्या घरात पेशंट गेला तिथेही कुणीतरी स्तोत्र म्हणतच होतं, पण ते घर पोस्ट लिहायला येत नाही, म्हणून आपल्याला फक्त वाचलेल्यांच्याच गोष्टी ऐकू येतात.

आणि हे मोजून झालंय. २००६ साली अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या टीमचा अभ्यास छापून आला, ६ हॉस्पिटलं, बायपासचे १८०२ पेशंट. तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही असं मोघम सांगितलेले दोन गट होते. ज्यांच्यासाठी खरंच झाली त्यांच्यात ऑपरेशननंतर काही ना काही बिघाड झालेले ५२ टक्के, ज्यांच्यासाठी नाही झाली त्यांच्यात ५१. तिसऱ्या गटाला नक्की सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे, त्यांच्यात ५९! पैसा टेम्पल्टन फाउंडेशनचा होता, म्हणजे धर्माबद्दल आस्था असलेल्यांचाच, नास्तिकांचं कारस्थान नव्हतं. अजून काय पुरावा पाहिजे?

माळकरी
प्रमेयजी, त्या अभ्यासात प्रार्थना कुणी केली तेही सांगा ना. पेशंटला कधी न पाहिलेल्या लोकांना यादी दिली होती, पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर, चौदा दिवस. याला तुम्ही प्रार्थना म्हणता? आईनं लेकरासाठी मारलेली हाक आणि यादीतलं नाव वाचणं हे एका तराजूत कसं घालता?

पण मला स्नेहलताईंचंही पटलेलं नाही आणि दादांचंही. दोघांनी देवाचं दुकान केलंय. एकाला माल मिळाला म्हणून दुकान चांगलं, दुसऱ्याला मिळाला नाही म्हणून तक्रार. नवसाने पोरं होत असती तर नवरा कशाला करायला लागला असता हे तुकोबांनी पावणेचारशे वर्षांपूर्वी विचारून ठेवलंय. त्यांच्या स्वतःच्या घरात दुष्काळात बायको अन्नावाचून गेली, पोरगं गेलं. पांडुरंग सोडला का त्यांनी? माझ्या आजोबांनी चाळीस वाऱ्या केल्या, एकदाही काही मागितलं नाही. २०२० ला पादुका एसटीनं पंढरपुरात गेल्या आणि आम्ही घरी राहिलो तेव्हा मी अंगणात टाळ घेऊन रडलोय, पण काही मागितलं नाही.

पाटबंधारे
माळकरीबुवा, दुकान हा शब्द मागे घ्या. माझी आई बाजारात उभी नव्हती, पोटचं पोर मरताना बघत होती. तुमच्या आजोबांचं पोर आयसीयूत असतं तर त्यांनी काय केलं असतं ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही.

माळकरी
शब्द मागे घेतो. आईंबद्दल बोलायचं नव्हतं मला. मुद्दा मागे घेत नाही.

तेरणाकाठ
मी सहसा लिहित नाही पण हे वाचून राहवलं नाही. आमचं गाव किल्लारीपासून जवळ. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी, मी अकरा वर्षांचा. रात्री उशिरापर्यंत गणपती बुडवला, पुढच्या वर्षी लवकर या म्हणून ओरडून ओरडून घसा बसलता, येऊन झोपलो आणि चारला चार मिनिटं कमी असताना भूकंपात सगळं गेलं. ज्या लोकांनी तीन तासांपूर्वी देवाला निरोप दिला तीच माणसं माळवदाखाली. आता कुणी मला सांगावं की त्यांच्या हाकेत खोट होती.

कोण वाचलं तेही ऐका. दोन-दोन हात जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद असलेल्या वाड्यांमधली मोठी मोठी घरं संपली. कुडाच्या, पत्र्याच्या घरातली गरीब माणसं बरीच बाहेर निघाली. श्रद्धेनं नाही, छपरानं ठरवलं.

पण प्रमेय साहेब, पुढचंही ऐका. माझ्या आजीच्या दोन सुना आणि एक नातू गेला. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर तिनं पहिल्या आठवड्यात एका डब्यावर देव मांडला. रोज सकाळी फूल वाहायची आणि वाहता वाहता त्याला शिव्या द्यायची, मोठ्यानं, आजूबाजूच्या शेडात ऐकू जाईल अशा. असं १२ वर्षं केलं, मरेपर्यंत. ती मागत नव्हती आणि माफही करत नव्हती. तुमच्या टक्केवारीत तिला कुठल्या गटात टाकायचं?

प्रमेय
आजींबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. पण छपरानं ठरवलं हे तुम्हीच म्हणालात, मी तेवढंच म्हणतोय.

रोहिणी_सोलापूर
सगळे देव ऐकतो की नाही यावर भांडताय. नवस बोलतं कोण आणि फेडतं कोण हे कुणी विचारलं का? माझ्या सासूबाईंनी मला न विचारता तुळजापूरला नवस बोलला, मुलगा झाला तर सूनबाई कल्लोळ तीर्थात आंघोळ करून ओल्या लुगड्यानं देवळाभोवती दंडवत घालेल आणि पाच घरी जोगवा मागेल. बोलल्या त्या, अंग माझं. पहिली मुलगी झाली, नवस वाढवला. दुसरी झाली, म्हणाल्या तुझ्या मनातच नाही, तू देवीला मनापासून सांगतच नाहीस. म्हणजे स्नेहलताई, तुमची ती 'हाकेतली खोट' माझ्या घरात दहा वर्षं माझ्या माथी मारलेली आहे. मला मुली हव्या होत्या, हे कुणाला सांगू?

दख्खनचा_वारा
झालं, आता याच्यात पण बायका-पुरुष आणलंच. विषय प्रार्थनेचा आहे ताई.

रोहिणी_सोलापूर
विषय प्रार्थनेचाच आहे. मुलगा दे, याहून जास्त वेळा बोललेली प्रार्थना महाराष्ट्रात कुठली आहे ते सांगा. आणि देवीनं ऐकलं नाही तेव्हा लोक गप्प बसले का? २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली, बीडमध्ये ८०७. त्या मुली देवानं नेल्या नाहीत, सोनोग्राफीच्या खोलीत गेल्या. नवस फळला नाही की माणूस देवावर भरवसा ठेवतो हे पुस्तकात, घरात वेगळंच चालतं.

दख्खनचा_वारा
आमच्या घरात असलं काही नाही. चार मावश्या आहेत मला. सगळ्यांना एका मापात मोजू नका. शिवाय माझ्या बायकोनं स्वतःहून अनवाणी चालायचा नवस केला होता, माझ्या अपघातानंतर, मी नको म्हणत होतो.

रोहिणी_सोलापूर
आणि ती पडली असती तर तुम्ही तिच्यासाठी अनवाणी चालला असता?

दख्खनचा_वारा
...खरं सांगायचं तर नसतो चाललो. पैसे खर्च केले असते, रात्रभर जागलो असतो, पण नवस वगैरे मला सुचलंच नसतं. हे मान्य आहे. बाकीचं नाही.

प्रमेय
नवसाचा विषय निघालाच आहे तर मांढरदेवी विसरू नका. २५ जानेवारी २००५, काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरीत जवळपास ३०० माणसं गेली. कितीतरी जण नवस फेडायला आले होते. म्हणजे यांची हाक ऐकली गेली होती, त्याचे आभार मानायला आले आणि गेले.

माळकरी
तिथं नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, वाट अरुंद, वर दुकानांना आग लागली. तो बंदोबस्ताचा दोष आहे, देवीचा काय संबंध? मेलेल्या माणसांचा असा मुद्दा करू नका, मला राग येतो याचा. तुम्ही कधी गर्दीत हात सुटलेला बघितलाय का? मी वारीत बघितलाय, वाखरीजवळ, सात-आठ वर्षांचं पोर होतं. अर्ध्या तासानं सापडलं. त्या अर्ध्या तासात मीसुद्धा मागितलं. विठ्ठला, तेवढं पोर दे म्हणून. वर लिहिलंय की कधी मागितलं नाही, ते खोटं आहे. आता आठवलं.

प्रमेय
राग योग्य आहे, माझी मांडणी चुकली. पोर सापडलं हे वाचून बरं वाटलं.

स्नेहल_नाशिक
दुपारपासून सगळं वाचतेय. मी माझा अनुभव मागे घेणार नाही, त्या रात्री आमच्या सोबत कुणीतरी होतं असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं, प्रमेयनी कितीही तक्ते दाखवले तरी. पण रोहिणीताईंचं वाचल्यावर ते शेवटचं वाक्य मी काढून टाकलंय. मी ते लिहिताना विचार केला नव्हता, लहानपणापासून ऐकलेलं तसंच उतरवलं. आमच्याच शेजारच्या बेडवरची मुलगी त्याच पहाटे गेली होती. तिची आई हनुमान चालिसा म्हणत होती. हे मी पोस्टमध्ये लिहिलंच नाही.

पाटबंधारे
वाक्य काढलंत, बरं केलंत. मी संध्याकाळी आईला तुमची पोस्ट वाचून दाखवली, आता आहे तशी. वाद काय झाला ते सांगितलं नाही. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, त्या पोराचा काउंट आता किती आहे?

स्नेहल_नाशिक
२ लाख १० हजार. सोमवारपासून शाळेत जातोय. काकूंना सांगा.