बूट मेनूतल्या नोंदी: हाताने बदलाव्यात की टूलने?

निळीशाई
विंडोज आणि लिनक्स एकाच कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते: ग्रबच्या (सुरू होताना कोणती सिस्टिम चालवायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत विंडोज तळाशी जातं आणि वेळेत बाण-बटण दाबलं नाही तर लिनक्सच सुरू होतं. त्यावर ठरलेला सल्ला मिळतो, ग्रब कस्टमायझर हे टूल टाका आणि माउसने नोंदी वरखाली करा. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. मेनू कुठून येतो हे आधी समजून घ्यावं आणि लागतील त्या दोन ओळी हातानेच बदलाव्यात.

मेनू येतो ग्रब डॉट सीएफजी या फाइलमधून. ही फाइल आपण लिहायची नसते, ती तयार होते. नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) आला की ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरामधल्या ग्रब डॉट डी फोल्डरातल्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, क्रमाने चालतात. १० आकड्याची लिनक्सचे कर्नल शोधते, ३० ची ओएस-प्रोबर या इतर सिस्टिम शोधणाऱ्या प्रोग्रामकडून विंडोजचा पत्ता काढते, ४० ची आपल्या स्वतःच्या नोंदींसाठी मोकळी असते. त्यामुळे सीएफजीत थेट केलेला बदल पुढच्या अपडेटला पुसला जातो. तसा इशारा त्या फाइलच्या डोक्यावरच छापलेला असतो.

बदल करायचा तो ईटीसी, डिफॉल्ट, ग्रब या छोट्या फाइलमध्ये, आणि मग मेनू नव्याने बनवणारी अपडेट-ग्रब ही कमांड चालवायची. आपोआप निवडली जाणारी नोंद ठरवणाऱ्या ग्रब-डिफॉल्टपुढे आकडा घालू नका. मोजणी शून्यापासून असते आणि एखादी नोंद मध्ये आली की आकडा भलत्याच नोंदीवर जातो. नोंदीचं पूर्ण नाव अवतरणात लिहा. किंवा 'सेव्ह्ड' लिहून सेव्ह-डिफॉल्ट चालू करा, म्हणजे मागच्या वेळी निवडलेलंच पुन्हा निवडलं जातं.

सरळवाट
पूर्ण असहमत. ज्याला फक्त विंडोज वर हवंय त्याने रूटच्या (प्रशासकाच्या) हक्काने सिस्टिमची फाइल का उघडावी? त्या फाइलमध्ये एक अवतरणचिन्ह राहिलं तरी अपडेट-ग्रब चूक झाल्याचा संदेश देऊन थांबतं, आणि तो संदेश नवख्या माणसाला कळत नाही. टूलमध्ये ही चूक होऊच शकत नाही. कॉम्प्युटर वापरायला त्याची आतली रचना पाठ असावी लागते, हा आग्रहच लोकांना लिनक्सपासून लांब ठेवतो.

निळीशाई
@सरळवाट, अवतरणाचा मुद्दा खरा आहे. पण तसं झालं तरी जुनी सीएफजी जागेवर राहते आणि मशीन पूर्वीसारखंच सुरू होतं. टूल काय करतं तेही पाहा. नोंदींचा क्रम बदललात की ते मूळ स्क्रिप्ट वेगळ्या फोल्डरात हलवतं आणि त्यांच्या जागी स्वतःच्या मध्यस्थ स्क्रिप्ट बसवतं. पुढे काही बिघडलं तर मदत करणाऱ्याला ओळखीचं काही सापडत नाही.

दुसरं म्हणजे, टूल चालतं लिनक्सच्या आत. ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे पडदा काळा पडला तर टूल उघडणार कुठून? अशा वेळी मेनूतल्या नोंदीवर उभं राहून 'ई' दाबायचं. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी बहुधा 'क्वाएट स्प्लॅश' असतं. ते खोडून 'नोमोडसेट' लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो, डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. नवख्याने शिकायला याहून सुरक्षित जागा नाही.

कर्नलकाका
तुमचं दोघांचंही एक गृहीत चुकतंय. विंडोज ग्रबमधून सुरू करायचंच कशाला? यूईएफआय (नव्या पद्धतीच्या) मशीनच्या फर्मवेअरकडे, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोग्रामकडे, स्वतःची यादी असते, लिनक्समध्ये ईएफआय-बूट-मॅनेजर ही कमांड चालवली की ती क्रमासकट दिसते. त्यात विंडोज बूट मॅनेजर स्वतंत्र उभा असतो. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून तर ओएस-प्रोबर सुरक्षिततेसाठी मुळातच बंद असतो. अपडेटनंतर 'विंडोज गायब झालं' म्हणून घाबरणाऱ्यांचं विंडोज बहुतेक वेळा जागेवरच असतं, फक्त नोंद बनलेली नसते.

आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) असेल तर जपून. सुरू होण्याचा मार्ग बदलला की टीपीएमला (मशीनमधल्या सुरक्षा चिपला) शंका येते आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती की हाताशी नसताना नोंदींना हात लावू नये.

निळीशाई
बिटलॉकरबद्दल शंभर टक्के सहमत, हे मूळ पोस्टमध्येच यायला हवं होतं. पण फर्मवेअरच्या यादीवर सगळा भरवसा ठेवायला मी तयार नाही. ती उघडायचं बटण प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि काही मदरबोर्ड आपण ठरवलेला क्रम पाळतच नाहीत. एकदाच विंडोजमध्ये जायचं असेल तर ग्रब-रीबूट या कमांडला नोंदीचं नाव द्या, क्रम कायमचा न बदलता काम होतं. त्याआधी ग्रब-डिफॉल्ट 'सेव्ह्ड' असलं पाहिजे.

सरळवाट
'ई'चा मुद्दा मान्य, तो प्रत्येकाला माहीत हवा. बाकी माझं मत तेच आहे. मूळ स्क्रिप्टना हात न लावता क्रम बदलणारी खिडकी डिस्ट्रोनेच (उबंटूसारख्या लिनक्सच्या तयार संचानेच) सेटिंग्जमध्ये द्यावी. ती नाही, म्हणून लोक बाहेरचं टूल शोधतात. त्यात वापरणाऱ्याचा काय दोष?

कर्नलकाका
ती मागणी रास्त आहे. तोवर हाताने करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: स्क्रिप्टची जुनी प्रत ग्रब डॉट डी फोल्डरातच नाव बदलून ठेवू नका. चालवण्याची परवानगी असलेली ती प्रतही अपडेट-ग्रब चालवतं आणि मेनूत त्या स्क्रिप्टची प्रत्येक नोंद दोनदा दिसते. प्रत होम फोल्डरात ठेवा, आणि लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून लिनक्स थेट सुरू करता येतं असा) आधी तयार करून मगच सुरुवात करा.