आईसाठी छोटा, घरगुती वृद्धाश्रम बघतेय, तिथला रोजचा दिवस कसा असतो?

रेवती_क
नमस्कार, आई ८१ वर्षांची, बाबा गेल्यापासून नाशिकला एकटीच, मी बेंगळुरूला. हिंडतीफिरती आहे पण गुडघे गेलेत आणि गोळ्यांचा घोळ होतो, बीपीची गोळी दोनदा घेतली असंही झालंय. माझ्याकडे आणलं तर लगेच परत जायचं म्हणते, इथे सोसायटीत मराठी बोलायला कोणी नाही. पुण्यात कोथरूडच्या बाजूला एका बंगल्यात दहा-बाराच ज्येष्ठ राहतात असं एक ठिकाण बघून आले, स्वच्छ होतं, माणसं बरी वाटली, पण सकाळी अकराला तासभर बसून काय कळणार? ज्यांचं कोणी अशा ठिकाणी राहिलंय त्यांनी प्लीज सांगा. नातेवाईक काय म्हणतील ते नको, ते रोज ऐकतेच आहे.

सिंहगडरोडकर
आमच्या सासूबाई शेवटची काही वर्षं अशाच एका बंगल्यात होत्या. सकाळी चहा, आंघोळी, नाश्ता, पेपर, बाराला जेवण, मग झोप, चारला परत चहा, संध्याकाळी रामरक्षा आणि मग सिरियल. ऐकायला कंटाळवाणं वाटतं पण त्या वयात ठरलेल्या वेळा लागतातच. मला तिथलं काय आवडलं सांगू का, दुपारी मोठ्या परातीत मेथी यायची आणि चार-पाच आज्या निवडायला बसायच्या, त्यातल्या एकींना नीट दिसायचं नाही, त्यांच्या जुडीत काड्या तशाच राहायच्या, स्वयंपाकाच्या मावशी आत नेऊन परत निवडायच्या पण त्यांच्या हातातून जुडी कधी काढून घेतली नाही. दिवसभर खुर्चीत बसवून टीव्ही लावून ठेवलेलं घर मी दुसरीकडे बघितलंय, सगळं चकाचक होतं तिथे. माझं मत विचाराल तर आईच्या हाताला काही काम राहणार आहे का हे आधी बघा.

नाईटसिस्टर
मी अशाच होममध्ये रात्रपाळी करते. ताई, परत जाल तेव्हा संध्याकाळी सातनंतर जा आणि जमलं तर न सांगता. त्या वेळी विसरभोळेपणाचा आजार असलेले लोक अस्वस्थ होतात, घरी जायचंय म्हणून दाराशी येतात, तेव्हा स्टाफ कसा बोलतो ते ऐका. रात्री जागं कोण असतं, बाथरूमला जाताना लाइट आणि धरायला दांडी आहे का, अंथरुणाला खिळलेल्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवतात का, सगळं विचारा, लाजू नका. आणि एक, म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं की वय झालं म्हणून सोडून देतात, पण पुष्कळदा युरिन इन्फेक्शन असतं नाहीतर सोडियम कमी झालेलं असतं. अशा वेळी डॉक्टरला कोण आणि किती लवकर बोलावतं, ते नक्की विचारा.

अविनाश_ठाणे
छोटं म्हणजे चांगलंच असं धरून चालू नका. माझे वडील होते तिथे मालकीणबाई स्वतः प्रेमळ, पण दिवाळीत दोन मावशी गावी गेल्या आणि सगळं घर एका माणसावर आलं, वडिलांची दाढी आठवडाभर नाही. सुट्टीत बदली माणूस कोण ते विचारा. करार लेखी घ्या, डिपॉझिट कधी परत मिळणार, हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं तर सोबत कोण थांबणार, त्या दिवसांचे पैसे कापणार का. आईंचं वय ७० च्या वर आहे तर आयुष्मान कार्ड काढून ठेवा, उत्पन्नाची अट नाही, ॲडमिट झाल्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. पेन्शन असेल तर हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमन दारी येतो, त्यासाठी बँकेच्या चकरा नकोत.

रेवती_क
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला पहाटे साडेचारला उठून चहा लागतो आणि बाळकृष्ण सोबत नेणारच म्हणते, हे चालवून घेतात का?

सिंहगडरोडकर
देव बहुतेक ठिकाणी चालतात, फक्त समई, निरांजन खोलीत लावू देत नाहीत, आगीची भीती असते. चहाचं मात्र त्यांच्याकडून आधीच वदवून घ्या. सासूबाईंना रात्रीच थर्मास भरून देत होते, फार झाकण घट्ट नव्हतं लावत, त्यांना फिरवता यायला हवं ना. आधी महिनाभर ट्रायलवर ठेवून बघा आणि तोवर नाशिकचं घर बंद करू नका, आईंनाही तसं सांगा.