झडीत गोधड्या वाळत नाहीत, लेकराले नायटा?

प्रश्न: वणीकडे झडी लागलीय, गोधड्या ओलसरच, कुबट वास येते अन् लेकराच्या जांघेत गोल चट्टे उठले, रात्रभर खाजवते. अंथरुणामुळं असंल काय? मेडिकलातून ट्यूब आणली, लावू का?

उत्तर: ताई, कडेला लाल अन् मधात साफ असंल तर बहुतेक नायटा, ओल अन् घाम भेटला का वाढते. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन लिहिलं असंल तर लावूच नका, स्टेरॉइड आहे, खाज थांबते पण नायटा पसरते. डॉक्टरले दाखवा. टॉवेल, चादर त्याची वेगळी ठेवा.

दुसरं उत्तर: बोटांच्या बेचक्यात खाज असंल, घरात बाकीच्यायलेही, तर खरूज. खरुजेचा किडा अंगाबाहेर २-३ दिवसच जगते, म्हणून चादरी कडक गरम पाण्यात धुवा, गोधडी वाळत नसंल तर प्लास्टिकमधी आठवडाभर बांधून ठेवा.

प्रश्नकर्ती: बीटामेथासोनच आहे भाऊ! उद्याच डॉक्टरकडं नेते.