हाकोने तोझान रेल्वे: साडेबाराला एकचा चढ, तोही दातेरी रुळाशिवाय?

प्रश्न – नेरळकर_२ फूट

जपानच्या कानागावा प्रांतातल्या हाकोने-युमोतो ते गोरा या ८.९ किमीच्या डोंगरी लाइनचा इतिहास नीट समजून घ्यायचा आहे. कमाल चढ हजारी ८०, म्हणजे साडेबारा मीटरला एक मीटर. आपलं माथेरान वीसला एक आहे, आणि बोरघाट तर सदतिसाला एक. मग इथे मधला दातेरी रूळ (ज्यात गाडीचं दातेरी चाक अडकून चढतं तो) का घातला नाही? गाडी वळणांवर रुळावर पाणी सोडते असंही वाचलं. ओल्या रुळावर चाक घसरणार नाही का? आणि युमोतोच्या खाली, ओदावारा शहराच्या बाजूला मध्येच तीन रूळ दिसतात, ते कशासाठी?

उत्तर १ – रूळमापक

सुरुवात १८८८ पासून करावी लागेल. टोकाइदो लाइन, म्हणजे टोकियोहून पश्चिमेला जाणारी मुख्य लाइन, तेव्हा कोझुहून डोंगराला वळसा घालून गोतेंबामार्गे नेली, आणि ओदावारा व हाकोनेची गरम पाण्याची गावं बाजूला पडली. म्हणून कोझु ते युमोतो घोड्यांची ट्राम काढली गेली. १९०० साली ती विजेवर आली. डोंगर चढणारी लाइन याच कंपनीची. ती १ जून १९१९ ला सुरू झाली.

दातेरी रुळाचा विचार झाला होता. पण स्वित्झर्लंडमधली बर्निना लाइन १९१० पासून हजारी ७० चा चढ साध्या रुळावर चढत होती, म्हणून अभियंत्याला युरोपात पाठवून पाहणी केली गेली आणि दात्यांची योजना सोडली. त्या लाइनीशी नातं पुढेही राहिलं: १९७९ मध्ये तिथल्या रेटियन रेल्वेशी भगिनी-करार झाला आणि १९८१ च्या नव्या गाडीचं नाव 'बर्निना' ठेवलं.

घसरण्याचं गणित असं: हजारी ८० चढावर दर टनामागे ८० किलो ओढ लागते. चाक-रुळाची पकड वजनाच्या ८ टक्के, वर वळणाच्या विरोधासाठी थोडी जास्त, एवढी मिळाली की भागतं. ओल्या रुळावरही साधारण १५ टक्के पकड मिळते. अट एकच, सगळं वजन मोटर असलेल्या चाकांवर हवं. म्हणूनच जुन्या 'मोहा १' या गाडीच्या एकेका डब्याला चार मोटरी, म्हणजे प्रत्येक अक्षाला एक. इंजिन पुढे लावून मागे डबे ओढायचे म्हटलं, तर ओढ सगळ्या गाडीच्या वजनाला लागते, पकड मात्र इंजिनाच्या वजनापुरतीच मिळते.

उत्तर २ – सांधेवाला

पाण्याबद्दल. इथली सर्वांत तीव्र वळणं ३० मीटर त्रिज्येची आहेत. अशा वळणात चाकाची कड बाहेरच्या रुळाला सतत घासते. चाक झिजतं, रूळ झिजतो आणि कर्कश आवाज होतो. इतर रेल्वे तिथे तेल किंवा ग्रीस लावतात. पण ते रुळाच्या माथ्यावर पसरलं तर पकड वर सांगितलेल्या मर्यादेच्याही खाली जाईल आणि साडेबाराला एकच्या उतारावर गाडी आवरणार नाही. पाण्याने घर्षण कमी होतं, पण तेलाइतकं नाही, आणि मागे थरही उरत नाही. म्हणून डब्यातच टाकी असते आणि वळणावर चाकाजवळ नळीतून पाणी सोडतात.

खरी काळजी उतरतानाची. ब्रेक चार प्रकारचे आहेत. नेहमीचं काम विजेचा ब्रेक करतो: मोटरींचं जनित्र होतं आणि वीज रोधकांत उष्णता होऊन जाते. त्याच्या जोडीला हवेचा आणि हाताचा ब्रेक. पण हे तिघेही शेवटी चाकाच्या पकडीवरच अवलंबून. चाकं जाम होऊन गाडी घसरायला लागली तर तिघेही निकामी. चौथा ब्रेक त्यासाठी आहे: कार्बोरंडमचे (सहाणेसारख्या कठीण, खरखरीत पदार्थाचे) ठोकळे हवेच्या दाबाने थेट रुळाच्या माथ्यावर दाबले जातात. चाकाचा त्यात संबंधच नाही.

उत्तर ३ – गाळा_नं_४

पुलाची गोष्ट राहून गेली. तोनोसावाच्या वर हायाकावा नदीवर जो पोलादी पूल आहे, तो नवा केलेला नाही. पहिल्या महायुद्धात परदेशातून पोलाद मिळेना, तेव्हा टोकाइदो लाइनच्या तेन्र्यू नदीवरच्या पुलाचा १८८८ साली बनवलेला जुना गाळा सरकारी रेल्वेकडून घेतला आणि १९१७ मध्ये दरीवर बसवला. तळापासून ४३ मीटर उंचीवर. नवा पूल मिळण्याची वाट पाहिली असती तर लाइन १९१९ ला सुरू झालीच नसती, असं मला वाटतं.

आता तीन रूळ. डोंगरी लाइनचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) १४३५ मिमी, टोकियोहून ओदावाराला येणाऱ्या ओदाक्यू या खासगी रेल्वेचं १०६७. लाइन १९३५ मध्ये ओदावारापर्यंत नेली आणि १९५० पासून ओदाक्यूच्या गाड्या थेट युमोतोला येऊ लागल्या. एक रूळ दोघांना सामायिक, दुसरे दोन आपापले. ऐकायला सोपं आहे. पण दोन्ही गाड्यांच्या मध्यरेषांत १८४ मिमीचा फरक पडतो, फलाटाची कड दोघींना एकसारखी बसत नाही, आणि प्रत्येक सांध्यात (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे) जास्तीच्या पट्ट्या व क्रॉसिंग येतात. वीजही वेगळी: युमोतोच्या खाली १५०० व्होल्ट, वर ६०० (१९९३ पासून ७५०). त्यामुळे डोंगरी गाड्यांना दोन्हींवर चालावं लागतं.

मार्च २००६ पासून या गाड्या प्रवासी घेऊन ओदावाराला जात नाहीत. तरी इरिउदा ते युमोतो तिसरा रूळ ठेवला आहे, कारण त्यांचं कारशेड इरिउदाला आहे.

नेरळकर_२ फूट

आभार! आणखी एक: खंडाळ्याला पूर्वी रिव्हर्सिंग स्टेशन (जिथे गाडी उलट दिशेने पुढे निघते) होतं. इथलंही तसंच का?

उत्तर ४ – सांधेवाला

तत्त्व तेच. बोरघाटातलं १८६३ पासूनचं ते स्टेशन १९२९ च्या नव्या मार्गाने गेलं. हाकोनेत मात्र अजून तीन चालू आहेत: देयामा, ओहिरादाई आणि कामी-ओहिरादाई. यातलं फक्त ओहिरादाई प्रवासी स्थानक आहे. गाडी बंद टोकाशी थांबते, चालक आणि गार्ड जागा बदलतात, सांधा फिरतो, सिग्नल मिळतो आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ घेते. तीन वेळा असं झाल्यामुळे युमोतोहून पुढे असलेला डबा गोऱ्याला शेवटी पोचतो. देयामाला थांबलात की खाली पाहा, नुकताच ओलांडलेला पूल पायाखाली दिसतो.

उत्तर ५ – रूळमापक

एक भर, शोधताना नावाचा घोळ होतो म्हणून. १ एप्रिल २०२४ पासून कंपनीचं नाव हाकोने तोझान नाही, ओदाक्यू हाकोने आहे. जुन्या नावाने शोधलं तर वेळापत्रक जुनं मिळू शकतं. आणि १२ ऑक्टोबर २०१९ च्या वादळाची नोंद इतिहासात हवीच: हाकोनेत एका दिवसात ९२२.५ मिमी पाऊस पडला. मियानोशिता ते कोवाकिदानी दरम्यानचा जाकोत्सु पूल वाहून गेला. गाड्या पुन्हा गोऱ्यापर्यंत धावल्या त्या २३ जुलै २०२० ला.