मदत हवी आहे: एकच हेडफोन ॲम्प, दोन उलटे रिव्ह्यू. रविवारपर्यंत ठरवायचंय!

राजवाडा_रात्री (इंदूर) | गुरुवार, रात्री ११:४०
नमस्कार मंडळी, घाईत आहे. सुदामा नगरातले एक काका त्यांचा हेडफोनचा ट्यूब ॲम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूबवर चालणारा) विकायला काढतायत. १८ हजार म्हणतात, एक पैसा कमी नाही. रविवारी दुपारपर्यंत हो-नाही कळवायचंय, नाहीतर भोपाळचा कुणीतरी घेऊन जाणार. दोन रिव्ह्यू वाचले. एकात आवाज उबदार, बेस भरीव, गवई समोर बसल्यासारखा वाटतो असं लिहिलंय. दुसऱ्यात म्हणे आवाज पातळ, दम नाही, बेस लोळतो, पैसे पाण्यात. ॲम्प तोच! दोघांपैकी एकजण थापा मारतोय ना? घेऊ की नको, एवढंच सांगा.

मीटरवाला (पुणे) | ११:५२
ॲम्प कुठला? हेडफोन कुठला? सोर्स काय, म्हणजे गाणं कशावरून वाजवणार? पेशंट घरी ठेवून नुसतं औषध विचारायला आल्यासारखं झालं हे.

खर्ज (ग्वाल्हेर) | शुक्रवार, सकाळी ६:१०
घ्या. ट्यूब ती ट्यूब. चाळीस वर्षं ऐकतोय, ट्रान्झिस्टरवर तानपुऱ्याची जवारी (तारेचा तो झणकार) कधी नीट लागलीच नाही.

राजवाडा_रात्री | ८:३०
बॉटलहेड क्रॅक. किट मागवून काकांनी स्वतः जोडलाय. हेडफोन चांगलाच आहे, त्याची काळजी नको. लॅपटॉपला लावणार. आता सांगा.

मीटरवाला | ८:४१
'चांगलाच आहे' हे मॉडेलचं नाव का? असो. असल्या शब्दांचे रिव्ह्यू वाचूच नका. उबदार म्हणजे किती? पातळ म्हणजे किती? ग्राफ बघा. १६ बिट सीडीचा सिग्नल आणि नॉइज यांच्यातला फरक ९८ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) असतो. आज साधा, स्वस्त सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवाला ॲम्पसुद्धा त्याच्या पुढे जातो. ट्यूबवाला त्याच्या जवळपासही येत नाही. मिठाशिवाय भाजी मिळत असताना मीठ घातलेली का घ्यायची?

खर्ज | ९:१५
बिनमिठाची भाजी तुम्हीच खा. ट्यूब सुरात स्वतःचं काही मिसळते त्याला दोष दोष म्हणता, पण त्यातला मोठा भाग दुसऱ्या हार्मोनिकचा, म्हणजे दुप्पट कंपनांच्या सुराचा. दुसरा हार्मोनिक म्हणजे तोच षड्ज, वरच्या सप्तकातला. तिसरा म्हणजे पंचम. तानपुरा दुसरं काय करतो? कानाला गोड लागतं त्याला शास्त्र आहे.

मीटरवाला | ९:२२
एकटा तानपुरा छेडलात तर मान्य. सारंगी, तबला आणि गवई एकत्र आले की तोच दोष त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्या करून नवे सूर काढतो. ते कुठल्याच रागात बसत नाहीत, काका.

पोहे_जलेबी (इंदूर) | १०:०५
भिया, हम (मागे सतत घूं असा आवाज) येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐकून बघा. आमच्या रामबागेतल्या जुन्या घरात अर्थिंगच नव्हतं, वायरमन आणून करून घेतलं तेव्हा सुख लागलं.

राजवाडा_रात्री | १०:२०
हम येतोय असं मी कुठे म्हटलंय? अजून ॲम्प घेतलाच नाही!

पोहे_जलेबी | १०:२२
घेतल्यावर येईल.

खर्ज | १२:४०
मीटरवाल्यांना एक विचारतो. इंदूरच्या अमीर खाँ साहेबांचा अतिविलंबित ख्याल कधी शांतपणे ऐकलात? इंदूरचा मुलगा विचारतोय म्हणून त्यांचंच नाव घेतलं, नाहीतर आमचं ग्वाल्हेर घराणं आहेच. ट्यूबवर साउंडस्टेज, म्हणजे कोण कुठे बसलंय याचं चित्र, असा उघडतो की खाँसाहेब मध्ये आणि दोन्ही अंगांना तानपुरे दिसतात.

मीटरवाला | १२:४८
त्यांची बहुतेक रेकॉर्डिंग्ज मोनो आहेत. दोन्ही कानांत एकच सिग्नल जातोय. डावीकडचा तानपुरा कुणी बसवला?

खर्ज | १:३०
ज्याला दिसतो त्याला दिसतो.

मीटरवाला | १:४४
म्हणूनच ब्लाइंड टेस्ट लागते. अमेरिकेच्या स्टिरिओ रिव्ह्यू मासिकाने १९८७ मध्ये स्वस्त-महाग ॲम्प न सांगता बदलून ऐकवले, तेव्हा ऐकणाऱ्यांची बोलती बंद झाली. त्याआधी १९८५ मध्ये बॉब कार्व्हरने आपला ट्रान्झिस्टर ॲम्प एका महागड्या ट्यूब ॲम्पशी असा जुळवला की स्टिरिओफाइलच्या संपादकांना फरक सांगता आला नाही. ते तर कानवाल्यांचंच मासिक.

खर्ज | १:५८
जुळवला म्हणजे? आधी फरक होता म्हणूनच जुळवावा लागला ना? तुमचाच दाखला माझ्या बाजूने बोलतोय.

ओहमवाली (वडोदरा) | ३:१०
खर्ज काकांचा हा मुद्दा बरोबर आहे, पण त्यांना वाटतो त्या कारणाने नाही. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. राजवाडा, दोनच गोष्टी सांग. दोन्ही रिव्ह्यूंमध्ये हेडफोन कुठले होते? आणि तुझा कुठला? तुझ्या डोक्यात ते ठरलेलं आहे, आमच्यापर्यंत आलेलं नाही.

ब्लाइंड_पण_डोळस (नाशिक) | ३:३५
मी घरी दोन ॲम्पवर टेस्ट केलीय. बायको बदलत होती, मी पाठमोरा. दहापैकी सात बरोबर! फरक असतो. विषय संपला.

मीटरवाला | ३:४१
दहा वेळा नाणं उडवलंत तर सात किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १७ टक्के. नऊ आले असते तर मान डोलावली असती, तिथे ती एकच टक्का उरते. आणि आवाजाची पातळी जुळवली होती का? अर्धा डीबी जास्त असला तरी तो मोठा वाटत नाही, 'चांगला' वाटतो.

ब्लाइंड_पण_डोळस | ३:५०
पातळी कानाने जुळवली.

मीटरवाला | ३:५१
🙏 मल्टिमीटर लावायचा हो. ५० हर्ट्झचा टोन वाजवा आणि दोन्ही ॲम्पचं एसी व्होल्टेज सारखं करा.

ओहमवाली | ४:२०
५० नको. काही हेडफोनचा इम्पीडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये) खालच्या सुरांत टेकाडासारखा वर चढतो, तिथे जुळवलंत तर बाकी सगळीकडे चुकेल. आणि १००० हर्ट्झला साधा मीटर खोटं सांगू शकतो. साधे मीटर ४०० हर्ट्झपर्यंतच धड एसी मोजतात. ३००-४०० चा टोन घ्या.

मीटरवाला | ४:२६
मान्य. मी ५० घाईत लिहिलं.

राजवाडा_रात्री | रात्री १०:१५
ऑफिसात होतो. पहिल्या रिव्ह्यूमध्ये सेन्हायझर एचडी ६००. दुसऱ्यात कुठलातरी प्लेनार (सपाट पडद्याचा हेडफोन). माझाही हायफायमॅनचा प्लेनारच आहे, डब्यावर २५ ओहम लिहिलंय. त्याने काय फरक पडतो? प्लेनार चांगलेच असतात.

ओहमवाली | १०:५०
सगळा फरक त्यानेच पडतो, आणि तू ते सगळ्यात शेवटी सांगितलंस.

क्रॅक हा ओटीएल ॲम्प आहे, म्हणजे आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नाही. त्याचा आउटपुट इम्पीडन्स साधारण १२० ओहम. ॲम्पचं व्होल्टेज हे १२० आणि हेडफोन यांच्यात वाटलं जातं.

एचडी ६०० नावाला ३०० ओहमचा, पण १०० हर्ट्झच्या आसपास तो पाचशेच्याही वर जातो. ५५० धर. मधल्या सुरांत त्याच्या वाट्याला ४२० पैकी ३००, म्हणजे ७१ टक्के व्होल्टेज येतं. १०० हर्ट्झला ६७० पैकी ५५०, म्हणजे ८२ टक्के. बेस सव्वा डीबीच्या आसपास उचलला गेला. पहिल्या माणसाने त्यालाच 'उबदार' म्हटलं, आणि ते खरंच तसं वाजत होतं.

प्लेनारचा इम्पीडन्स जवळपास सपाट. तुझ्या २५ ला १४५ पैकी २५, म्हणजे १७ टक्के. सगळ्याच सुरांत साधारण १५ डीबी गेले. वर एवढ्याशा ओहमला लागणारा करंट त्या ट्यूबला झेपत नाही, म्हणून नॉब चढवला की आवाज फाटतो. दुसऱ्याचं 'दम नाही' तिथून आलं. दोघांनी आपापल्या कानांनी जे ऐकलं तेच लिहिलं, कुणीही थाप मारलेली नाही.

खर्ज | ११:०५
म्हणजे उबदार हा शब्द खरा निघाला!

मीटरवाला | ११:०७
म्हणजे तो मोजता आला. बाईंनी कागदावर मोजून दाखवला.

खर्ज | ११:०९
आधी ऐकला कुणी?

स्पीकरच_हवेत (मुंबई) | शनिवार, सकाळी ७:३०
कशाला ही डोकेदुखी. १८ हजारांत चांगले बुकशेल्फ येतात. कानाला पट्टे लावून गाणं ऐकायचं वय आहे का?

राजवाडा_रात्री | ९:१०
भाड्याच्या खोलीत राहतो, पलीकडे घरमालक. म्हणजे घेऊ नको का, ताई? मनात भरलाय. तांब्याची पट्टी, अंधारात ट्यूब पेटलेली, लय भारी दिसतो.

ओहमवाली | ९:४०
दिसतो भारी, त्यात वाद नाही. पण माझा आकडा वाचून ठरवू नकोस. उद्या तुझा हेडफोन घेऊन जा आणि त्यांच्याकडेच ऐक. किट अमेरिकेचं आहे, तेव्हा ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टला जोडलाय ना हे आधी विचार. आत दीडशेच्या वर डीसी व्होल्टेज असतं, उलटा करून बोट घालू नकोस. ट्यूब तापल्यावरच हेडफोन लाव.

मीटरवाला | ९:४४
आणि डोळे मिटून ऐका.

राजवाडा_रात्री | रविवार, दुपारी ४:२५
जाऊन आलो. काका देवमाणूस, आधी पोहे खायला लावले. वायरिंग २३० चंच आहे, शिवाय आकृती काढून दाखवली. माझ्या प्लेनारवर नॉब घड्याळातल्या तीनवर नेला तरी आवाज गुदमरलेलाच, सम आली की तबला फाटायचा. मग काका हसले आणि स्वतःचा एचडी ६०० हातात दिला. त्यावर कुमारजींचं निर्गुणी लावलं. काय सांगू. पाऊण तास उठलोच नाही. भोपाळवाल्याचा दोनदा फोन आला.

मीटरवाला | ४:३१
मग नाही म्हणून सांगितलंत ना?

राजवाडा_रात्री | ४:३३
ॲम्प घेतला. आता नवीन धागा काढू की इथेच विचारू? वापरलेला एचडी ६०० कुणाकडे आहे का, इंदूर-उज्जैन-देवास कुठेही चालेल. महिनाअखेर आहे, तेव्हा भाव जरा बघून सांगा.

खर्ज | ४:३४
शाब्बास!

ओहमवाली | ४:५०
😑 त्यांचाच का नाही मागितलास?

राजवाडा_रात्री | ४:५२
मागितला. म्हणाले, ॲम्प नवीन येतोय म्हणून हा काढला, हेडफोन मी मेल्यावर माग.