‘नुसतं धुकं दिसलं’ म्हणून चांदोलीला नावं ठेवणाऱ्यांना उत्तर

सडेवाट

काल या धाग्यावर एकांनी चांदोली राष्ट्रीय उद्यानावर लिहिलं. म्हणणं असं: भल्या पहाटे निघालो, जीप केली, झोळंबीच्या सड्याकडे (माथ्यावरच्या कातळी पठाराकडे) गेलो, धुक्याशिवाय काही दिसलं नाही. वाघ दिसत नसेल तर व्याघ्र प्रकल्प म्हणायचं कशाला? आणि पावसाळ्यात गेट बंद ठेवण्यापेक्षा सगळ्या पायवाटा खुल्या करा, निदान ट्रेक तरी होईल. खाली सगळ्यांचं ‘अगदी बरोबर’. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

वाघ सहज दिसतो तो ताडोबाला, कारण ते पानगळीचं जंगल आहे. उन्हाळ्यात पानं झडलेली असतात, पाणी मोजक्या पाणवठ्यांवर उरलेलं असतं, त्यामुळे जनावराला तिथे यावंच लागतं. सह्याद्रीच्या माथ्यावर तसं होत नाही. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांची अशी दाटी की रस्त्यापासून दहा पावलांवर उभा असलेला गवा दिसत नाही. ओढे, झरे जागोजागी, त्यामुळे जनावर एका ठिकाणी गोळा होत नाही. पाला सगळा उंचावर, खाली सावलीत चारा कमी. म्हणून हरणं विरळ, म्हणून वाघही विरळ. सागरेश्वर अभयारण्यातली चितळं इथे आणून सोडायचा खटाटोप त्यासाठीच आहे. 2010 साली कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तो पर्यटकांना वाघ दाखवायला नव्हे. इथलं जंगल कोयना आणि वारणेचं पाणी धरून ठेवतं आणि दक्षिणेला राधानगरी, तिलारीकडून येणाऱ्या वाघाला वाट देतं.

पावसाळ्यातली बंदी तर मला शंभर टक्के मान्य आहे. इथल्याच घाटमाथ्यावरच्या पाथरपुंज गावाला एका मोसमात सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडलेला आहे. त्या पावसात ओढा कधी चढेल सांगता येत नाही. बेडकांचा विणीचा काळ तोच, आणि सड्यावरची दोन बोटं माती एका मोसमाच्या बुटांनी वाहून जाते.

बघायचंच असेल तर पावसाळा सरल्यावर जा. उठून गेलेल्या गावांच्या जागी आता कुरणं झाली आहेत, तिथे पहाटे आणि संध्याकाळी गवे, सांबर चरायला येतात. गाडी बंद करून बसा. वाटेवरचे ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे बघायला शिका. कान उघडे ठेवा.

कॅमेरेवाला

उपदेश पुष्कळ झाला. तो कालचा लेख माझा नाही, पण मी त्या माणसाच्या बाजूचा आहे. लांबून माणूस येतो, सुट्टी टाकतो, गाडी, गाईड, प्रवेश, कॅमेरा या सगळ्याचे पैसे भरतो. त्याने ‘काय दिसलं’ विचारलं तर तो अडाणी ठरतो काय? मी आईवडिलांना घेऊन गेलो होतो. वडिलांचे गुडघे गेलेत, ठसे वाचत हिंडणं त्यांना जमणारं नाही. तासन् तास जीपमध्ये हाडं खिळखिळी झाली आणि दिसलं ते पांढरं धुकं. गाईडला विचारलं, ही झाडं कसली? ‘जंगली झाडं.’ हे मला खटकलं. वाघ नका दाखवू, पण जंगल तरी दाखवा.

शीळ

कॅमेरेवाला, गाईडबद्दल बोललात ते खरं आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण धुक्याला दोष देऊ नका.

आम्ही कोयनेच्या बाजूला धुक्यात अडकलो होतो, पुढचं झाड दिसेना. वर शेकरू ओरडायला लागलं, थांबेचना. मग खालून भेकर, ते छोटं हरीण. कुत्र्यासारखं भुंकतं ते, एकेक भुंक तोडून, कितीतरी वेळ. आमच्यातलं कोणी हललं नाही. आवाज डावीकडून उजवीकडे सरकत गेला, म्हणजे शिकारी जनावर आमच्यासमोरून आडवं गेलं होतं. नंतर ओल्या मातीत बिबट्याचे ताजे ठसे मिळाले. आमच्यातल्या एकीने तोवर ताडोबात बरेच वाघ बघितले होते. ती अजून त्या सकाळबद्दलच बोलते.

सडेवाट यांच्याशी माझं भांडण वेगळं आहे. ‘गाडी बंद करून बसा’ म्हणता, मुळात गाडी हवीच कशाला? डिझेलच्या घरघरीत शीळकरी कस्तूर पक्ष्याची शीळ काय ऐकणार? जाणत्या माणसाबरोबर चार-पाच जणांनी ठरलेल्या वाटेने चालावं. दाट जंगल बघायची हीच रीत आहे.

सडेवाट

कोअरमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या आतल्या राखीव गाभ्यात, पायी नको. गवा आठशे-हजार किलोचा. धुक्यात वारा उलटा असेल तर त्याला तुमचा वास येत नाही आणि तुम्हाला तो दिसत नाही. अस्वल त्याहून वाईट, अचानक समोरासमोर आलं की ते पळत नाही, अंगावर येतं. बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात चाला, तिथे माझी हरकत नाही.

दुर्गवेडा

‘बफरमध्ये चाला.’ किती सहज बोललात! कोअरमधला प्राचितगड किल्ला बफरमध्ये उचलून आणून ठेवणार का? पायथ्याचं शृंगारपूर म्हणजे महाराणी येसूबाईंचं माहेर. तिथून शिड्या चढून गडावर जायची वाट आमच्या आधीच्या पिढ्यांनी तुडवली. पाथरपुंजकडून येणारी वाट तर काय सांगावी, सलग रान. आता कुठलीही वाट विचारा, ‘परवानगी नाही’. एका नाक्यावर आम्हाला सकाळभर बसवून ठेवलं, साहेब आले नाहीत, शेवटी परत पाठवलं. त्याच नाक्यातून आमच्या डोळ्यांदेखत दोन मोठ्या गाड्या आत गेल्या. कोणाच्या होत्या ते विचारायची सोय नव्हती. नियम असेल तर सगळ्यांना असू द्या.

कोयनेच्या बाजूच्या वासोटा किल्ल्याला जमतं ना? बामणोलीहून लाँचने जायचं, प्लास्टिक तपासून घ्यायचं, दिवस मावळायच्या आत परत यायचं, गडावर मुक्काम नाही. तोही व्याघ्र प्रकल्पातच आहे. तीच शिस्त प्राचितगडाला लावा.

वारणेकाठचा

सगळ्यांचं वाचलं. कुणाला वाघ पाहिजे, कुणाला गड, कुणाला पाखराचं गाणं. सडेवाटसाहेब, तुम्ही लिहिलंय, उठून गेलेल्या गावांच्या जागी कुरणं झालीत, तिथं गवे बघा. ती आमची शेतं हायत. नाचणी, वरी, भात. माझ्या आजोबांनी बांध घातलेले. एक आंब्याचं झाड अजून उभं हाय, त्याच्याखाली आजीची चूल होती. तुमची जीप तिथं थांबती आणि गाईड सांगतो, ‘इथं पूर्वी गाव होतं’. गावाचं नाव पण सांगत न्हाई.

आमाला खाली सपाटीला जमीन मिळाली, त्यातली निम्मी क्षारपड. आजी मरेपर्यंत म्हणायची, एकदा देवाला नारळ फोडून येऊ. देव तिथंच राहिलाय, जंगलात. नेलं तिला, तर गेटवर म्हणाले पावती फाडा. तिच्या गावात जायला तिला पर्यटकाची पावती. तुमची दोन बोटं माती वाचावी म्हणून कळवळा येतो, आमच्या मातीचं कोण बोलणार?

कॅमेरेवाला

दादा, वाईट वाटलं वाचून. पण धाग्याचा विषय पर्यटनाचा आहे. पुनर्वसनाचा प्रश्न स्वतंत्र आहे.

वारणेकाठचा

स्वतंत्र कसा? तुम्ही ज्या रस्त्यानं जीप घालता तो आमच्या गावाचा रस्ता. ज्या पाणवठ्यावर बसता ती आमची विहीर. आम्ही उठलो म्हणून तुमचं पर्यटन सुरू झालं.

शीळ

कॅमेरेवाला, ‘स्वतंत्र प्रश्न’ म्हणून बाजूला सारू नका. 1985 ला चांदोली अभयारण्य जाहीर झालं, 2004 ला राष्ट्रीय उद्यान. कायद्याने यात मोठा फरक पडतो. अभयारण्यात लोकांचे काही हक्क चालू ठेवायची सोय आहे, राष्ट्रीय उद्यानात ती सोयच नाही, चराईसुद्धा बंद. जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा 2006 चा वनहक्क कायदा आला तोवर बरीचशी गावं उठलेली होती. डॉ. भारत पाटणकर आणि त्यांच्या श्रमिक मुक्ती दल या संघटनेने या लोकांसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, आपल्यापैकी किती जण त्यात होते? आपण पर्यटनाच्या गप्पा मारतो तेव्हा हे सगळं आपल्याला माहीत असतं आणि आपण ते वगळतो. मला त्याचा राग येतो.

सडेवाट

राग मलाही येतो, पण एक सांगतो, कोणाला आवडो न आवडो. गावं होती तोवर शिकार होती, वणवे लागत होते, गुरं जंगलात खोलवर चरत होती. आज तिथे गवा, सांबर, रानकुत्रे दिसतात ते माणूस हलला म्हणून. आंदोलकांबद्दल आदर ठेवूनही हे नाकारता येणार नाही.

वारणेकाठचा

वणवे आम्ही लावले? शिकारीला बंदुका घेऊन कोण यायचं, आमच्या म्हाताऱ्यांना विचारा. जीपगाड्या शहरातनं यायच्या. आमच्या देवराईत फांदी तोडायची बंदी होती, कायदा यायच्या कितीतरी आधी. रान आमी राखलं म्हणून तुमाला राष्ट्रीय उद्यान करायला मिळालं. राखलेलं रान तुमी घेतलं आणि आता आमीच चोर?

सडेवाट

चोर कोणी म्हटलेलं नाही. शब्द माझ्या तोंडी घालू नका.

दुर्गवेडा

घालतंय कोण? ‘गावं होती तोवर शिकार होती’ याचा दुसरा अर्थ काय होतो? सडेवाट, तुमचा अभ्यास मोठा आहे, पण बोलताना समोर माणूस आहे हे विसरता. घाटमाथ्यावरच्या लोकांनी गडवाटा, देवराया, पाणी सगळं सांभाळलं. आम्हाला प्राचितगडाची वाट दाखवणारा म्हातारा बाबा झाडाच्या सालीवरून सांगायचा इथे अस्वल येऊन गेलं. आता कार्यालयात बसलेल्या किती जणांना ते सांगता येईल?

सडेवाट

ठीक आहे. सगळीच गावं शिकार करत होती असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे, आणि देवरायांबद्दल वाद नाही. वर्षातून एकदा गावदेवाच्या जत्रेला त्या त्या गावच्या लोकांना पावती न फाडता सोडायला हवं, एवढं मला पटतं. पण शेती आणि वस्ती परत, असं असेल तर मी विरोधच करीन.

वारणेकाठचा

शेती मागतंय कोण? माझी पोरं आता खाली शाळेत जातात, ती काय परत नाचणी करायला जाणार न्हाईत. देवाला जाऊ द्या आणि गाईडची कामं आधी आमच्या पोरांना द्या. कॅमेरेवाल्यांनी विचारलं ना, झाडं कसली? आमचा पोरगा सांगंल. हिरडा कुठला, गेळा कुठला, कुठल्या झाडावर शेकरूची घरटी असतात आणि त्यातलं राहतं कुठलं. त्यानं आजोबाकडनं ऐकलंय.

कॅमेरेवाला

हे मात्र मी पैसे देऊन ऐकेन. मग जनावर नाही दिसलं तरी तक्रार करणार नाही. म्हणजे, कमी करीन.

बफरमधला

मी बफरमध्ये गाईडचं काम करतो, म्हणून लिहितो. ‘जंगली झाडं’ म्हणणारे आहेत, ते आमचं नाव खराब करतात. पण तुमच्याबद्दल पण बोलतो. गाडीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न, ‘वाघ दिसंल का?’ व्याघ्र प्रकल्पाने ताडोबातनं वाघिणी आणायला घेतल्यापासून तर जास्तच. आम्ही कंधार डोह दाखवतो, चापडा हा हिरवा विषारी साप फांदीवर दाखवतो, लोक मोबाईलमधून मान वर करत नाहीत. गवा पोटभर बघायचा असेल तर दाजीपूरला जा, 1958 पासून गव्यांचंच अभयारण्य आहे ते, हे मी आलेल्याला तोंडावर सांगतो. गिऱ्हाईक जातं, पण खोटं बोलायचं नाही.

आणि ट्रेकवाल्यांनो, पायथ्याच्या गावातली कुत्री बिस्किटं घालून बरोबर नेऊ नका. ती भेकराच्या मागे लागतात, त्यांचे रोग रानकुत्र्यांना लागतात. यावर इथं कोण एक अक्षर बोललं नाही.

दुर्गवेडा

कुत्री आपणहून मागे येतात हो. हाकलली तरी येतात.

बफरमधला

बिस्किट बंद करा, येणार नाहीत.

शीळ

कुत्र्यांचं सोळा आणे खरं. आणि सडेवाट, पायी चालायचं तुम्ही अजून टाळलंत. वासोट्याची वाट घनदाट जंगलातूनच जाते, लोक रांगेने चढतात. तिथे गवा नाही की अस्वल नाही?

सडेवाट

वासोट्याची वाट जुनी आणि ठरलेली आहे, रोज वर्दळ असते, जनावर ती वेळ टाळतं. तशी वर्दळ प्राचितगडाला मला नको आहे. अगदीच करायचं तर हिवाळ्यात, दिवसाला एकच छोटा गट, शृंगारपूरच्या बाजूनेच, आणि बरोबर उठलेल्या गावातला माणूस सक्तीने. पाथरपुंजची वाट उघडायला माझा विरोध कायम.

दुर्गवेडा

एक गट का होईना, उघडा. पाथरपुंजसाठी मी भांडत राहणार. आणि तो गट कोण निवडणार ते आधी ठरवा, नाहीतर पुन्हा त्या मोठ्या गाड्याच आत जातील.

वारणेकाठचा

जत्रेच्या परवानगीचा अर्ज आमच्या वसाहतीतून दरवर्षी जातो. यंदा त्यावर बाहेरच्या लोकांच्या सह्या पण घेणार हाय. ज्याला द्यायची त्यानं सांगा.

शीळ

माझी घ्या.

सडेवाट

जत्रेपुरता अर्ज असेल तर माझीही. मजकूर आधी वाचायला पाठवा.