आकडीनंतरची लपलेली दुखापत कशी ओळखावी?

राजारामपुरीतील बहीण
माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे आणि लहानपणापासून आकडी येते. तो मोजकेच शब्द बोलतो. कुठे दुखते असे विचारले, तर दर वेळी पोटावरच हात ठेवतो. परवा पहाटे त्याला अंथरुणातच मोठी आकडी आली. तो पडला नाही, कुठे खरचटलेही नाही. मात्र तेव्हापासून तो उजवा हात पोटाशी घट्ट धरून ठेवतो आणि सदऱ्याची बाही चढवू लागलो की ओरडतो. घरातले म्हणतात, आकडीनंतर हात काही काळ लुळा पडतोच. वाट पाहावी का?

निवृत्त परिचारिका, शाहूपुरी
ताई, वाट पाहू नका. आजच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. पडल्याशिवाय हाडाला इजा होत नाही, हा समज चुकीचा आहे. मोठ्या आकडीत स्नायू इतक्या जोराने आवळतात की खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो, पाठीचे मणके दबू शकतात, क्वचित खुब्याचे हाडही मोडते. आकडीनंतरचा लुळेपणा बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो, आणि तसा हात दुसऱ्याने हलवला तरी सहसा दुखत नाही. तुमच्या भावाला दुखते आहे, हाच महत्त्वाचा फरक. हात पोटाशी धरणे आणि बाहेर वळवू न देणे ही मागे निखळलेल्या खांद्याची ठळक खूण आहे. समोरून काढलेल्या एक्स-रेत हे निखळणे सहज नजरेतून सुटते, म्हणून काखेतून किंवा बाजूने दुसरा एक्स-रे काढण्याची विनंती आवर्जून करा. तोवर हात झोळीत ठेवा. ओढून बसवण्याचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नका.

कसबा बावड्यातील एक पालक
माझ्या मुलीला बोलताच येत नाही. प्रत्येक आकडीनंतर, ती पूर्ण शुद्धीवर आली की, मी तिला डोक्यापासून पायापर्यंत तपासते: केसांतून बोटे फिरवून टेंगूळ, जिभेच्या कडा, हललेला दात, दोन्ही खांदे सारखे दिसतात का, पाठीच्या कण्यावर हलके दाबल्यावर कपाळाला आठी पडते का. पुढचे दोन-तीन दिवस तिच्या नेहमीच्या सवयींकडे लक्ष ठेवते. आवडीची भाकरी नाकारणे, एका कुशीवर न झोपणे, उठताना कण्हणे, अचानक चिडून हाताला चावणे, ही तिची दुखण्याची भाषा असते, आणि तिला ‘हट्ट’ म्हणणाऱ्यांचे मला फार वाईट वाटते. फेनिटोइन किंवा फेनोबार्बिटोन हे आकडीवरचे औषध वर्षानुवर्षे चालू असेल, तर हाडे ठिसूळ होऊ शकतात. ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

निवृत्त परिचारिका, शाहूपुरी
एक राहिले. गुंगी उतरण्याऐवजी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली किंवा एका डोळ्याची बाहुली दुसऱ्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा मोठी दिसली, तर डोक्यात रक्तस्राव झाला असण्याची शक्यता असते. तेव्हा लगेच १०८ ला फोन करा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांच्या डोक्याला मार लागला, तर लक्षणांची वाटच पाहू नये. तपासणीला जाताना भावाचे नेहमीचे वागणे आणि आजचा फरक कागदावर लिहून न्या, कारण डॉक्टर त्याला पहिल्यांदाच पाहत असतील.

राजारामपुरीतील बहीण
मनापासून आभार. आत्ताच निघतो आहोत. दुसऱ्या एक्स-रेचे लिहून घेतले आहे.